विहीर ऊसतोडीला गेली

गुरुजी,

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी नांदूरघाटला तुमच्या दारात बसलेली माणसं तुमच्याविषयी बोलत होती आणि मला दोनदा ओढणी तोंडाला लावावी लागली. रडू लपवायला नव्हे. एक पाहुणे म्हणाले, "गुरुजी म्हंजी लई शांत मानूस. कवा कुनाशी वाद न्हाई." बाकीच्यांनी माना हलवल्या. दोन खोल्यांच्या शाळेत मी तुमच्याबरोबर सहा वर्षं काढली. त्या सहा वर्षांत आपला वाद झाला नाही असा एक सोमवार मला आठवत नाही. शनिवार-रविवार तुम्ही वाद साठवून आणायचात.

पहिला वाद टीव्हीवरून. पालीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला असलेल्या आपल्या वस्तीशाळेला भिंतीएवढा टीव्ही मिळाला आणि मी हरखून गेले. मी नवीन होते, गेवराईहून बदलून आले होते, आणि शिकवण्याचे सगळे व्हिडिओ मी पेन ड्राइव्हमध्ये भरून आणले होते. लाइट मात्र सकाळी जायची ती शाळा सुटताना यायची. तुम्ही घरून एक जुनी चादर आणलीत, टीव्हीवर नीट पांघरलीत आणि म्हणालात, "मॅडम, याला झोप लई हाय. निजू द्या."

मला तेव्हा तुमचा राग आला होता. मला वाटायचं, तुम्ही त्या पिढीतले, नवीन काही आलं की चादर टाकणारे. तिसरी-चौथीचा वर्ग तुमच्याकडं. सकाळी पाढे, पाटीवर अक्षर घोटणं, एक काना चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून. आणि दुपारी गोष्ट. ती मात्र कुठल्या पुस्तकातली नसायची. दहा वर्षांचे होईपर्यंत तुम्ही वडिलांबरोबर मेंढरांमागं चालला होतात, शाळा त्यानंतर. गोष्टी तिकडूनच आलेल्या. मी एकदा दारातून विचारलं, "गुरुजी, तात्पर्य काय याचं?" तुम्ही पोरांकडं बघून म्हणालात, "मॅडमला तात्पर्य पाह्यजे म्हंत्यात. हाय का रे कुनापाशी?" सगळी हसली. मीही हसले, पण मनातून नाही.

दिवाळी झाली की आपली शाळा निम्मी व्हायची. ट्रॅक्टर यायचे, त्यावर भांडी, बाजली, शेळी, म्हातारी, आणि सगळ्यात वर आपली पोरं. ऊसतोडीला जाणारी ही अकरा पोरं उन्हाळा लागल्यावर परत यायची तेव्हा रापलेली असायची, उंच झालेली असायची आणि जोडाक्षरं विसरलेली असायची. तुम्ही हे तीस वर्षं बघत होतात. मी पाचव्या वर्षी ठरवलं, आता बास. पालकांच्या फोनवर एक ग्रुप केला आणि रोज अभ्यास पाठवायला लागले. बेरजा, समानार्थी शब्द, माझ्याच आवाजातले पाढे. उत्तरादाखल कुणाच्या तरी बापाचा एक अंगठा यायचा. बस्स.

"पोरं बघत न्हाईत," मी तुम्हाला म्हणाले.

"कावून बघतील? दिवसभर भावंडं सांभाळून पोरगं दमलंय, आन् तुमी त्याला बेरीज धाडता."

"मग काय धाडू?"

तुम्ही डबा उघडलात.

मग मीच म्हणाले, तुमची गोष्ट पाठवू या. तुम्हाला ते मुळीच पटलं नाही. "गोष्ट तोंडाकडं बघून सांगायची आस्ती, मॅडम. पोरगं कुठं कंटाळलं, कुठं घाबरलं, ते बघून मी पुढचं सांगतो. फोननं आवाज जाईल, नजर जात न्हाई." मी म्हणाले, "तुमची नजर इथंच राहते गुरुजी, आणि पोरं तिकडं." हा वाद आपण कधीच मिटवला नाही. पण त्या दिवशी माझ्या हट्टाखातर तुम्ही फोनसमोर बसलात, शर्टाचं वरचं बटण लावलंत, घसा साफ केलात आणि म्हणालात, "नमस्कार. इयत्ता तिसरी व चौथीच्या सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की..." मी इतकी हसले की तुम्ही उठून गेलात.

त्यानंतर मी जे केलं ते बरोबर नव्हतं. दोन दिवसांनी, तुम्ही राहिलेल्या पोरांना गोष्ट सांगायला बसलात तेव्हा मी खिडकीत, खडूच्या डब्यामागं, माझा फोन चालू करून ठेवला. तुम्हाला न विचारता.

"एक गाव व्हतं," तुम्ही सुरू केलंत. "गावाला एकच हीर. एके दिवशी सकाळी बाया घागरी घिऊन गेल्या, बघत्यात तर हीर न्हाई! आरं, खड्डा सुदिक न्हाई. सपाट जमीन. वर रहाट तेवढा हुबा."

"मग?" पोरं म्हणाली.

"मला काय ठावं? तुमी सांगा."

एवढंच. तुम्ही नेहमीसारखी गोष्ट त्यांच्या अंगावर टाकून बाहेर निघून गेलात. मी तो आवाज ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी एका बापाचा तुम्हाला फोन आला. कारखान्याच्या तळावर सगळ्या कोप्यांमध्ये, त्या पाचटाच्या झोपड्यांमध्ये, तुमची गोष्ट ऐकली म्हणे, मुकादमसुद्धा ऐकत बसला होता. तुम्ही फोन ठेवलात आणि माझ्या वर्गाच्या दारात आलात. तुमचा आवाज चढला नव्हता, त्यामुळंच मला जास्त भीती वाटली. "मॅडम, माझा आवाज तुमी माझ्या माघारी गावभर फिरवला?"

मी म्हणाले, "गुरुजी, चांगल्यासाठीच..."

"इचारलं असतं तर न्हाई म्हनलो असतो. म्हनून इचारलं न्हाई ना?"

खरं होतं. तेव्हा तुम्ही पालीत खोली घेऊन राहायचात. मी बीडहून स्कूटीवर येताना रोज तुम्हाला घ्यायची आणि तुम्ही मागं, मांडीवर डबा, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून बसायचात. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही काळीपिवळी जीपनं यायला लागलात. आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत. काही सांगायचं असलं की फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचात, "तांदूळ संपला आहे." मी खाली लिहायची, "कळवले आहे." पोरांना त्याची मोठी मजा वाटत होती.

नवव्या दिवशी सकाळी, शाळा भरायच्या आधी, ग्रुपवर एक आवाज आला. मी तो पायरीवर उभी राहून ऐकला आणि फोन तुमच्यासमोर धरला.

"गुरुजी, मी कावेरी बोलतेय."

चौथीतली कावेरी. वर्गात दारापाशी बसणारी, हजेरीला "हजर" सुद्धा ओठातल्या ओठात म्हणणारी. तिचा एवढा मोठा आवाज आपण दोघांनीही कधी ऐकला नव्हता.

"गुरुजी, हीर चोरीला न्हाई गेली. तिचं पानी सरलं म्हनून ती ऊसतोडीला गेली. हितं आमच्या कोपीमागं एक हीर हाय. लई भरल्याली हाय. तीच आसंल. मी तिला इचारते अन् सांगते. ए बाळ्या, गप की..."

आणि लहान भावाच्या रडण्यात आवाज तुटला.

तुम्ही पायरीवर बसलात. "परत लावा," म्हणालात. मी परत लावला. चार वेळा ऐकलात. चौथ्यांदा तुम्ही चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत होतात. मग हात पुढं केलात. "आना हिकडं. कुठं दाबायचं बोलायला?"

त्यानंतरचे चार महिने हे मी शिक्षक म्हणून जगलेले सगळ्यात चांगले महिने. तुम्ही फोन कानाला न लावता तळहातावर आडवा धरून, पोराच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं बोलायचात. "कावेरे, तिला इचार, निघाली कवा? चालत गेली का ट्रॅक्टरवर?" अकराच्या अकरा पोरं बोलायला लागली. एक जण म्हणाला, हीर रात्री चालती अन् दिवसा निजती. एकाला नदीकाठच्या उसाच्या फडात तिच्या ओल्या पावलांचे ठसे दिसले. इकडं राहिलेल्या पोरांनी विहिरीला पत्रं लिहिली, मातीच्या विहिरी केल्या, त्यांचे फोटो मी तिकडं पाठवले. तुम्ही मला म्हणालात, "मॅडम, कावेरीचा कारखाना किती लांब हाय ते तुमच्या नकाशात दिसतं का?" टीव्हीवरची चादर तुम्हीच काढलीत. नशिबानं लाइट होती. पडद्यावर आपली वस्ती, पाली, धरण, बीड, आणि मग बोटाबोटानं सरकत लांब, पश्चिमेला, कावेरीचा तळ. सगळा वर्ग उभा राहिला. "आता सांगा," तुम्ही फळ्याकडं वळलात, "हीर दिवसाला चार कोस चालली, तर तिथं कवा पोचली?" कोस म्हणजे काय, इथून सुरुवात झाली. ज्या भागाकाराला पोरं पळून जायची, तो भागाकार ती भांडून भांडून करत होती.

मी उत्साहात म्हणाले, आता व्हिडिओ कॉल करू. पोरं एकमेकांना दिसतील. तुम्ही म्हणालात, "नको. कोपीत फोन फिरला की लोकाचं घर दिसतं. आपल्या पोरांना लाज वाटंल." मला ते सुचलंच नव्हतं. तरी मी वाद घातला, गुरुजी. लाज कशाची, सगळी आपलीच पोरं, असं काहीतरी. आता वाटतं, तुम्ही त्या कोपीत राहिला नव्हतात, पण मेंढरांमागं पालात राहिला होतात. आणि मी कोपीत की पालात कधीच राहिले नव्हते.

वैशाखात कावेरी परत आली तेव्हा तिच्या हातात मुकादमाची जुनी डायरी होती. बत्तीस पानं भरलेली. दिवाळीला जोडाक्षर न येणाऱ्या पोरीनं बत्तीस पानं लिहून आणली होती, कारण एका मेसेजमध्ये गोष्ट मावेना. मी लाल पेन उघडला. पहिल्याच ओळीत पाच चुका होत्या. तुम्ही माझ्या पेनावर हात ठेवलात. "आधी वाचा. मग खुना करा."

"तुम्हीच तर काना चुकला की पाटी पुसायला लावता!"

"पाढ्यात चूक चालत न्हाई, मॅडम. हे तिनं बघितल्यालं हाय. याच्यात आपुन काय चूक काढनार?"

शाळेच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही परत आलेल्या सगळ्या पालकांना बोलावलंत आणि कावेरीला वाचायला उभं केलंत. बोट ठेवून ठेवून, अडखळत, पण तिनं वाचलं. शेवटच्या पानावर विहिरीनं तिला सांगितलेलं होतं: "मी घरी येते. पण मला परत पाठवू नका."

कावेरीचा बाप दाराला टेकून उभा होता. खांद्यावरचा टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि तो बाहेर गेला. मला वाटलं, रागावला. पुढच्या दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी निघायच्या आदल्या दिवशी तो शाळेत आला, उभ्यानंच म्हणाला, "कावेरीला तिच्या आजीपाशी ठेवतोय, गुरुजी. पालीच्या शाळंत जाईल." तुम्ही त्याला फक्त एवढंच विचारलंत, "म्हातारीकडं फोन हाय का?" म्हणजे आता गोष्ट इकडून तिकडं जायला हवी होती, आईबापाकडं.

आता जे लिहायचं आहे ते मी इतके दिवस टाळलं.

त्याच हिवाळ्यात केंद्रातल्या शाळांची शिक्षण परिषद होती आणि मला आपल्या शाळेतलं काहीतरी सांगायला बोलावलं होतं. मी रात्र घालवून स्लाइड केल्या. पहिल्या स्लाइडवर लिहिलं, "माझा उपक्रम". तंत्रज्ञानाच्या साह्यानं स्थलांतरित मुलांच्या सर्जनशीलतेला चालना. पंधरा मिनिटं मी बोलले. विहीर ऊसतोडीला गेली हे वाक्य सांगितलं तेव्हा कुणीतरी "वा" म्हणालं. "एका विद्यार्थिनीचं वाक्य," मी म्हणाले. तुमचा उल्लेख "आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचं सहकार्य" एवढा केला. तुम्ही तिसऱ्या रांगेत बसला होतात. मला शाल मिळाली. तुम्ही टाळ्या वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या, हे मला दिसलं.

परतताना स्कूटीवर तुम्ही सीट धरून बसला होतात. धरणाच्या वळणावर मागून म्हणालात, "मॅडम, ते वाक्य कावेरीच्या नावानं सांगायला पाह्यजे व्हतं."

मी म्हणाले, "हो गुरुजी, राहून गेलं."

राहून गेलं नव्हतं. मी राहू दिलं होतं. आणि तुम्ही स्वतःबद्दल एक अक्षर काढलं नाहीत. तुम्ही चिडला असता, पुन्हा आठ दिवस फळ्यावर लिहून बोलला असता, तर मी माफी मागून मोकळी झाले असते. तुम्ही दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर ठेचा आणलात आणि अर्धा माझ्या डब्यात घातलात.

पुढं तुम्ही निवृत्त झालात, नांदूरघाटला राहायला गेलात. दर दिवाळीनंतर तिथून गोष्ट पाठवायचात. मी दरवेळी ठरवायची, या सुट्टीत जायचं, समोर बसायचं आणि म्हणायचं. फोनवर म्हणता आलं असतं. पण तुम्हीच शिकवलं होतं ना, काही गोष्टी तोंडाकडं बघून सांगायच्या असतात. या सबबीखाली मी दोन वर्षं घालवली.

तिसऱ्या दिवशी सगळे पांगल्यावर मी काकूंजवळ बसले आणि त्यांना हे सगळं सांगितलं. परिषद, स्लाइड, शाल. काकू कोथिंबीर निवडत होत्या, कारण घरात पाहुणे होते आणि स्वयंपाक थांबत नव्हता. त्या म्हणाल्या, "त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं व्हतं."

"काय म्हणाले?"

"म्हनले, मॅडम आज लई भारी बोलल्या. पोरीचं नाव घ्यायचं तेवढं इसरल्या." मग त्या म्हणाल्या, "त्यांना तुमचा राग न्हवता. पन तुमी आला असता तर त्यांना लई बरं वाटलं असतं. सुट्टी लागली की इचारायचे, मॅडम येनार हायत का."

मी त्यांच्या पुढ्यातली अर्धी जुडी ओढून घेतली आणि निवडायला लागले.

शोकसभेत मला बोलायला उठवलं तेव्हाही मी धड बोलू शकले नाही. "मार्गदर्शक", "आधारस्तंभ" असले शब्द वापरून खाली बसले. म्हणून इथं लिहिते. गोष्ट तुमची होती. वाक्य कावेरीचं होतं. माझा फक्त फोन होता, आणि तोही मी आधी लपवून ठेवला होता. मला माफ करा. आणि तुम्ही माझ्या हातातला लाल पेन थांबवलात त्याबद्दल, मला तात्पर्याशिवाय ऐकायला शिकवलंत त्याबद्दल, मी तुमची ऋणी आहे. फोननं नजर जात नाही, हे तुमचं म्हणणं मला अजून पूर्ण पटलेलं नाही. कावेरीचा आवाज ऐकताना तुमची नजर मी पाहिली होती. ती पोचली असणार.

टोळ्या जाऊन पंधरा दिवस झाले होते तेव्हा तुम्ही गेलात. या वर्षीची गोष्ट तुम्ही अजून सुरू केली नव्हती. पोरांना कळलं तेव्हा ग्रुपवर दोन दिवस कुणीच बोललं नाही. कावेरी आता आठवीत आहे. शाळा सुटल्यावर ती पालीहून चालत वस्तीवर आली, माझ्याजवळ बसली, थोडं रडली आणि म्हणाली, "मॅडम, यंदा बारकी पोरं पयल्यांदाच गेल्यात. त्यांना कोन सांगनार?"

"तू सांग ना," मी म्हणाले.

"मी नंतर सांगीन. सुरुवात मोठ्यानं करायची आस्ती."

मला गोष्ट सांगता येत नाही, हे तुमच्याएवढं कुणाला ठाऊक आहे? पण काल मधल्या सुट्टीत मी पोरांना समोर घेऊन बसले आणि फोन सगळ्यांना दिसेल असा मध्ये ठेवला. गेवराईच्या हायवेवर एक गतिरोधक होता. सगळ्या गाड्या त्याच्या अंगावरून पुढं जायच्या. एके दिवशी तो म्हणाला, मी कधी जाणार? आणि उठून चालायला लागला. इथं माझं अडलं. पुढचं सुचेना. पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती, मी त्यांच्या. शेवटी तशीच अर्धवट पाठवून दिली.

आज सकाळी पहिलं उत्तर आलं. दुसरीतल्या ओंकारचं, पहिल्यांदाच ऊसतोडीला गेलेल्या. मागं कुठंतरी बैलांच्या घुंगरांचा आवाज होता.

"मॅडम, गोष्ट लई चांगली न्हाई. पन फुडं काय झालं?"